नळाचा उच्छ्वास

गेल्या महिन्यात चार दिवस दहिसरला आईकडे राहायला गेले होते. पहाटे जाग आली ती स्वयंपाकघरातल्या आवाजाने. उठून पाहते तर आई गॅसवरून पाण्याचं भलंमोठं पातेलं सांडशीने उतरवत होती. वय एकोणऐंशी, दोन्ही गुडघे दुखरे, आणि हातात उकळतं पाणी. माझ्या पोटात गोळाच आला.

"अगं आई, गीझर आहे ना?"

"आहे की. चालतोय पण. नळाला पाणी येत नाही त्याचं."

"कधीपासून?"

"झाले सात-आठ महिने. टाकी धुऊन घेतली ना, तेव्हापासून."

सात-आठ महिने! रोज फोनवर बोलतो आम्ही. भाजीचा भाव, शेजाऱ्यांचं मांजर, सगळं कळतं मला. हे मात्र कळलं नव्हतं. का सांगितलं नाहीस म्हणून विचारलं तर म्हणाली, "तुला सांगितलं असतं तर तू नवीन आणून लावला असतास आणि हा भंगारात गेला असता."

हा म्हणजे अण्णांचा गीझर.

मंडळी, आज जे लिहिणार आहे ते या गीझरबद्दल. पण गीझरबद्दल लिहायचं तर आधी बंबाबद्दल लिहायला हवं, आणि मग पुण्याच्या पेशव्यांपासून तानसापर्यंत फिरून परत दहिसरच्या मोरीत यायला हवं. वेळ असेल तर बसा निवांत.

आमचं घर दहिसर पश्चिमेला. बैठं, वर स्लॅब आणि गच्ची. अण्णांनी ते १९७२ साली घेतलं तेव्हा आजूबाजूला शेतं आणि मोकळी जमीनच जास्त होती. मुंबई महापालिकेची हद्द दहिसरपर्यंत आली ती १९५७ मध्ये, त्यामुळे कागदोपत्री आम्ही मुंबईकर होतो, पण मुंबईला 'जायचं' असंच म्हणत असू. गंमत बघा, आमच्या दारापासून थोड्या अंतरावरून जी दहिसर नदी वाहते तिचा उगम तुळशी तलावापाशी. तो तलाव बांधून झाला १८७९ मध्ये, मुंबई शहराला पाणी पुरवायला. म्हणजे आमच्या नदीच्या डोक्यावरचं पाणी नळातून दक्षिण मुंबईला पोचलं आणि इथली माणसं पुढची कित्येक वर्षं विहिरीवर रहाट ओढत राहिली.

घरात तेव्हा पाणी तापायचं बंबात. पुण्याच्या आत्याला आठवेल, मागच्या पडवीत तो तांब्याचा बंब असायचा. माझ्या भाच्यांनी बहुतेक पाहिलाही नसेल, म्हणून सांगते. तांब्याचं उभं पिंप. मधोमध आरपार एक नळकांडं. त्याच्या तळाशी जाळी. नळकांड्यात वरून कोळसे, ढलप्या, नारळाच्या करवंट्या टाकायच्या आणि पेटवायचं. जाळ मधून वर जाणार, राख खाली पडणार आणि भोवतालचं पाणी तापणार. बाजूला पितळी तोटी. नियम एकच: जेवढं गरम काढाल तेवढं गार वरून ओता. विसरलात आणि बंब कोरडा पडला तर त्याचा डाग सुटायचा, आणि मग आईचं तोंडही सुटायचं. दिवाळीच्या आदल्या दिवशी तो चिंचेने घासायचं काम माझ्याकडे आणि दादाकडे असे. दादा, तू फक्त झाकण घासायचास, हे इथे नोंदवून ठेवते.

'बंब' हा शब्दही दूरवरून आलेला आहे. पोर्तुगीज भाषेत पंपाला 'बोंबा' म्हणतात, तिथून तो आपल्याकडे आला. म्हणून आगीचाही बंब आणि अंघोळीचाही बंब. वसई, साष्टी, मांडपेश्वर ह्या आमच्या शेजारात पोर्तुगीज सत्ता दोनशे वर्षं होती. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीज गेले, शब्द राहिले. चावी, बादली, घमेलं ही त्याच घराण्यातली मंडळी. नळदुरुस्तीला निघालेल्या माणसाच्या हातातलं बरंचसं सामान पोर्तुगीजांचं आहे म्हणा ना!

या बंबाची एक गोष्ट तेव्हा मला महत्त्वाची वाटली नव्हती. त्याचं तोंड उघडं असायचं. वर नुसतं झाकण. पाणी तापलं, फुगलं, वाफ झाली, की जे जायचं ते वरून जायचं. बंबात हवा अडकली असं कुणी कधी ऐकलं नसेल.

मग आले गीझर. हा शब्द आइसलंडचा. तिथे जमिनीतून उकळतं पाणी उसळणारा एक झरा आहे, त्याचं नाव 'गेयसिर'. १८६८ मध्ये लंडनमध्ये बेंजामिन वॉडी मॉन नावाच्या माणसाने गॅसवर पाणी तापवणारं यंत्र काढलं आणि त्याला या झऱ्याचं नाव दिलं. विलायतेत हा शब्द आता मागे पडला आहे, आपण मात्र विजेवरच्या टाकीलाही अजून गीझरच म्हणतो. मॉनच्या यंत्राला धूर बाहेर जायला धुराडं नव्हतं, त्यामुळे ते धोक्याचंच होतं. बाहेर जायची वाट ठेवायला माणसं विसरतात, ही खोड तेव्हापासूनची.

अण्णा महापालिकेच्या पाणी खात्यात फिटर होते. त्यांनी १९८४ साली तांबाकाट्यावरून एका कारागिराकडून पन्नास लिटरचा तांब्याचा गीझर बनवून आणला. बाजारात तयार मिळत नव्हते असं नाही, पण "पत्रा आपण बघून घेतलेला बरा" असं त्यांचं मत. मोरीवरच्या माळ्यावर तो बसला. गच्चीवरच्या टाकीतून गार पाणी त्याच्या तळाशी येणार, तापलेलं पाणी वरच्या तोंडातून निघणार, मोरीच्या दारावरून वळसा घेऊन खाली उतरणार, एक फाटा मोरीला, एक स्वयंपाकघराला. आणि दारावरचा तो वळसा जिथे सगळ्यात उंच होता, तिथून एक बारीक पाईप निघून स्लॅबमधून थेट गच्चीवर जायचा. टाकीच्या पाण्याहून उंच, आणि तोंड उघडं. त्यातून कधी काही यायचं नाही. दिसायलाही विचित्र, छडीच्या मुठीसारखा वाकडा.

लहानपणी मी विचारलं होतं की हा कशाला? अण्णा म्हणाले होते, "तो श्वास सोडायला."

आता माझी चूक सांगते. २००९ मध्ये घराची दुरुस्ती काढली. पैसे माझे, त्यामुळे तोराही माझा. नळाला जोर यावा म्हणून गच्चीवर तीन फुटांचा कठडा बांधून त्यावर नवी काळी प्लास्टिकची टाकी चढवली. झालं असं की टाकीतल्या पाण्याची पातळी आता त्या वाकड्या पाईपाच्या तोंडाहून वर गेली. साहजिकच त्यातून पाणी गळायला लागलं. गच्ची ओली, शेवाळ, खाली ओल येईल ही भीती. अण्णा म्हणाले, पाईप चार फूट वाढव. मी म्हटलं, एवढा खर्च झालाय, आणि हा उपयोगाचा काय आहे? बूच मारून टाका. प्लंबरने बूच मारलं. अण्णा दोन दिवस बोलले नाहीत, मग नेहमीसारखे झाले. विषय संपला. ते जाऊनही आता आठ वर्षं झाली.

तर आता हवा अडकते म्हणजे नेमकं काय होतं ते पाहू. हे मला अण्णांच्या जुन्या वहीतल्या आकृत्यांवरून आणि थोडं स्वतः मापं घेऊन कळलं.

पाण्यात हवा विरघळलेली असते. पाणी तापलं की ती सुटते. पातेल्याच्या तळाशी उकळी यायच्या आधीच जे बारीक बुडबुडे दिसतात ते वाफेचे नसतात, या हवेचे असतात. गीझरमध्ये हे रोज घडतं. सुटलेली हवा पाईपाच्या सगळ्यात उंच वळणात जाऊन बसते. त्यात टाकी धुवायला रिकामी केली की अख्खी लाईनच हवेने भरते. परत पाणी सोडल्यावर ते खोलगट भागात साचतं आणि उंच भागात हवा कोंडली जाते. पाणी, हवा, पाणी, हवा अशी पाळी लागते.

एका वळणातली हवा सहसा पाणी अडवू शकत नाही. पण वळणं तीन असली की हिशेब बदलतो. आमच्या टाकीची पातळी आणि मोरीचा नळ यांत उंचीचा फरक आहे अकरा फूट. म्हणजे दाब किती, तर हवेच्या दाबाच्या जेमतेम एक तृतीयांश. आता पाईप जिथे जिथे खाली उतरतो आणि त्या उतारात पाण्याऐवजी हवा असते, तिथे तेवढी उंची वाया जाते, कारण हवेचं वजन पाण्यापुढे नगण्य, त्यामुळे तिची उंची दाबात भर घालत नाही. आमच्याकडे गच्चीवरच्या तुळईला ओलांडून येताना तीन फूट, दारावरून उतरताना चार फूट, भिंतीतून जमिनीपर्यंत जाऊन परत नळाकडे चढण्याआधी पाच फूट. बेरीज बारा. टाकीकडे आहेत अकरा. संपलं! नळ उघडला की दोनदा थुंकतो, खाकरतो आणि गप्प होतो. वर टाकी भरलेली, गीझर तापलेला, पाईप कुठे चोंदलेला नाही, आणि आई गॅसवर पातेलं चढवतेय.

आता थोडं मागे जाऊ, कारण हे दुखणं आमच्या घराइतकं नवं नाही.

रोमन वास्तुविशारद विट्रुव्हियस याने दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय की पाण्याच्या नळात हवेचा जोर असा तयार होतो की तो दगडसुद्धा फोडतो. म्हणून नव्या नळात पाणी आधी हळूहळू सोडावं, असा त्याचा सल्ला. घाईने पाणी सोडलं की हवेला निघायला उसंत मिळत नाही.

पण मला खरा आनंद झाला तो पुण्याच्या नळाबद्दल वाचताना. १७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधवून तिथून थेट शनिवारवाड्यापर्यंत पाणी आणलं. पंप नाही, वीज नाही, नुसता जमिनीचा उतार. जमिनीखालून दगडी बांधणीचा नळ, आत माणूस उतरू शकेल एवढा, आणि वाटेत पेठांमधले हौद. या नळावर ठरावीक अंतराने जमिनीच्या वर उंच उठलेली चौकोनी बांधकामं आहेत. आतली हवा बाहेर पडावी, वरून आत उतरून गाळ काढता यावा, यासाठी. त्यांना नाव काय असेल? उच्छ्वास!

मी हा शब्द वाचला आणि अण्णांचं "श्वास सोडायला" आठवलं. अण्णांनी कात्रजच्या नळाबद्दल काही वाचलं होतं असं मला वाटत नाही. पण पाण्याचं काम करणाऱ्यांच्या जिभेवर काही शब्द आपोआप येत असावेत. दगडी नळ पेशव्यांचा असो की अर्ध्या इंची जीआय पाईप दहिसरचा, पाणी आत यायचं तर हवेने बाहेर जायला हवं.

मुंबईचं पाणीही असंच, उतारावरून येणारं. १८६० मध्ये विहार तलाव पुरा झाला तोपर्यंत शहर विहिरी आणि तळ्यांवर जगत होतं. धोबीतलाव, दोन टाकी ही नावं उरली, पाणी गेलं. मग १८७९ चा तुळशी, १८९२ चा तानसा, १९५७ चा वैतरणा, ज्याला ते काम करणाऱ्या नानासाहेब मोडकांच्या नावाने आपण मोडकसागर म्हणतो. पुढे ऊर्ध्व वैतरणा, भातसा, आणि २०१४ चा मध्य वैतरणा. शंभरेक किलोमीटरांवरून डोंगरदऱ्या ओलांडत मोठमोठे पाईप येतात. डोंगर म्हटला की चढ आला, चढ म्हटला की उंच वळण आलं, आणि उंच वळणात हवा आलीच. म्हणून तिथे हवेच्या झडपा बसवलेल्या असतात. साधी युक्ती आहे. लोखंडी घुमटीत एक गोळा तरंगतो. पाणी भरलेलं असलं की गोळा वर उचलला जाऊन भोक बंद करतो. हवा साचली की पाण्याची पातळी उतरते, गोळा खाली येतो, हवा फुस्सकन निघून जाते, पाणी चढतं, गोळा परत वर. ना माणूस लागतो ना वीज.

अण्णांची उमेदीची वर्षं या झडपा तपासण्यात गेली. पाईपावरून मैलोन्मैल चालत. एकदा मला आणि दादाला त्यांनी तानसाच्या पाईपलाईनवर नेलं होतं. झडपेला कान लावायला सांगितलं. आत सूं सूं आवाज येत होता. "अख्खी मुंबई अंघोळ करतेय, ऐका," म्हणाले. ज्या माणसाने शहराच्या नळातली हवा सोडायचं काम केलं, त्याच्या घरच्या नळाला मी बूच मारलं. असो.

दुरुस्तीकडे येते. ओळखीतल्या प्लंबरला बोलावलं. त्याने नळ फिरवून पाहिला आणि म्हणाला, "ताई, लाईन जुनी झाली. सगळं तोडा, छोटा इन्स्टंट लावा." आई दारात उभी होती. काही बोलली नाही, आत निघून गेली. मी त्याला म्हटलं, उद्या सकाळी या.

आमच्याकडे पहाटे पालिकेचं पाणी येतं तेव्हा मागच्या नळाला चांगला जोर असतो. ते आपसूक गच्चीवरच्या टाकीत चढतं. म्हणजे तेवढा जोर त्यात आहेच. आदल्या रात्री गीझरचं बटण आणि मेन स्विच दोन्ही बंद केले. पहाटे बागेच्या पाण्याची नळी घेतली, एक टोक पालिकेच्या नळाला, दुसरं मोरीतल्या गरम पाण्याच्या नळाला, दोन्हीकडे क्लिपा घट्ट. आधी मोरीचा नळ उघडला, मग पालिकेचा, अगदी थोडा. तांब्याचा पत्रा चाळीस वर्षांचा आहे, एकदम जोर नको. म्हणजे पाणी आता उलट्या दिशेने निघालं: नळातून दारावरच्या वळणाकडे, तिथून गीझर, तिथून वर टाकी. मी गच्चीवर धावले. टाकीचं झाकण काढून कान दिला. आधी काहीच नाही. मग एक मोठा बुडबुडा, मग गुडगुड, मग पाच मिनिटं नुसती खळखळ. आठ महिन्यांची हवा. खाली येऊन आधी पालिकेचा नळ बंद केला आणि लगेच नळी काढली. ही जोडणी क्षणभरही जास्त ठेवू नये, पालिकेचा जोर गेला तर टाकीतलं पाणी उलट पिण्याच्या लाईनीत उतरू शकतं. ज्यांना घरी करून पाहायचंय त्यांनी हे विसरू नका.

मोरीचा नळ उघडला. खाकरला, थुंकला, गंजाचं तांबूस पाणी आलं, आणि मग सरळ धार लागली.

पण हे औषध झालं, पथ्य नव्हे. पुन्हा टाकी रिकामी झाली की पुन्हा तेच. म्हणून प्लंबर आला तेव्हा त्याला गच्चीवर नेऊन बूच दाखवलं. ते काढून सॉकेट, त्यावर चार फूट पाईप, दोन एल्बो, तोंड टाकीकडे वाकवलेलं. टेफ्लॉन टेप त्याच्याकडे होती, पण जुन्या आट्यांवर ती बसेना, तेव्हा सुतळी आणि सफेदा लावला. तोंड पाण्याच्या पातळीहून हातभर उंच ठेवलं. गरम पाणी हलकं असतं, त्यामुळे या पाईपात ते टाकीच्या पातळीहून दोन-तीन बोटं वरच उभं राहतं, तेवढी जागा हवी. दारावरच्या वळणातले चार फूट आता हिशेबातून गेले. बाकी दोन ठिकाणी हवा साचली तरी बेरीज आठ, आणि टाकीकडे अकरा. पाणी जिंकलं.

दुसरी एक गोष्ट हिशेब करताना लक्षात आली आणि घाम फुटला. पन्नास लिटर पाणी साध्या तापमानापासून पासष्ट अंशांपर्यंत तापलं की सुमारे पाऊण लिटर फुगतं. आमच्याकडे ते टाकीच्या पाईपातून मागे जात राहिलं म्हणून निभावलं. मध्ये कुणी उलटं पाणी अडवणारी झडप बसवली असती आणि थर्मोस्टॅट बिघडला असता, तर त्या फुगलेल्या पाण्याला आणि वाफेला वाटच नव्हती. आणि खाली आई अंघोळीला. तो वाकडा पाईप नुसता हवेसाठी नव्हता. अण्णा दोन दिवस का बोलले नाहीत ते सोळा-सतरा वर्षांनी कळलं. वाद घालायला हवा होता त्यांनी माझ्याशी. पण आमच्या घरात कुणी घालत नाही. बूच मारण्यात आम्ही सगळेच पटाईत.

संध्याकाळी आईला म्हटलं, यापुढे काही बिघडलं की त्याच दिवशी सांगायचं. तीही जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "बरं, तर मग ऐक. डाव्या डोळ्याला चार महिने झाले, धूसर दिसतंय."

पुढच्या मंगळवारची डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे.

गीझर व्यवस्थित चालू आहे. दादा, डिसेंबरात आलास की गच्चीवर जाऊन बघ, चार फूट नवा पाईप चमकतोय. आणि मंडळी, तुमच्याही जुन्या घरात गच्चीवर असा एखादा वाकडा, बिनकामाचा दिसणारा पाईप असेल तर त्याला बूच मारण्यापूर्वी घरातल्या मोठ्यांना एकदा विचारा. त्यांनी सांगितलं, की मलाही कळवा.